१९५६ : सिलोनचं एक वर्ष आणि तीन कलमांचा कायदा



१९५६ म्हटलं की आपल्याला १७ जानेवारी आठवतो, बेळगावचा गोळीबार आठवतो, आणि मग १ नोव्हेंबरचा काळा दिन. ते तुम्ही घरी ऐकलंय, हुतात्मा चौकात ऐकलंय. ते मी आज परत सांगत नाही. त्याच वर्षी समुद्रापलीकडे, सिलोनमध्ये काय झालं ते सांगतो. आजची श्रीलंका.

आपल्या आजोबांना सिलोन माहीत होतं ते रेडिओमुळे. आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केलेली (करणारे मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच), म्हणून लोक सिलोन लावून बिनाका गीतमाला ऐकायचे. गाणी तिकडून यायची, पण तिथं त्या वर्षी काय चाललंय ते मात्र फारसं कुणाच्या कानावर आलं नसावं.

सिलोन १९४८ ला स्वतंत्र झालं, पण कचेऱ्या इंग्रजीतच चालत राहिल्या. इंग्रजी येणारे शंभरात दहासुद्धा नव्हते. सिंहली शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता यायचा नाही. म्हणजे कारभार आपल्या भाषेत हवा ही त्याची मागणी रास्तच होती. हे आधी मान्य करूया, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुरुवातीला तर ‘सिंहली आणि तमिळ, दोन्ही’ असंच बोललं जात होतं. १९४४ मध्येच तसा ठराव झाला होता.

मग दोनाची एक कशी झाली? निवडणुकीमुळे. बंदरनायके ऑक्सफर्डला शिकलेला माणूस. १९५५ मध्ये त्यांनी दोन भाषांची भूमिका सोडली आणि निवडून आलो तर चोवीस तासांत फक्त सिंहली, असं सांगत फिरले. पंतप्रधान कोटलावलांनी जाफन्यात जाऊन दोन्ही भाषांना समान दर्जा द्यायचं कबूल केलं होतं. दक्षिणेत ओरड झाली, आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांच्या पक्षानेही ‘फक्त सिंहली’ म्हणून टाकलं. त्यात बुद्ध परिनिर्वाणाला २,५०० वर्षं होत होती, भिक्खू प्रचारात उतरलेले. एप्रिलमध्ये निकाल लागला. ९५ पैकी ५१ जागा बंदरनायकेंच्या आघाडीला, कोटलावलांना ८. शब्द फिरवूनसुद्धा ८. हे मला फार बोलकं वाटतं.

बंदरनायके मनाने कट्टर नव्हते असं म्हणतात. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात तमिळच्या मर्यादित वापराची सोय होती. जयसूर्य नावाचे एक विद्यापीठातले अध्यापक त्याविरुद्ध उपोषणाला बसले आणि ती सोय गळाली. उरलं काय, तर तीन कलमं. एका पानात मावेल एवढा कायदा : सिंहली हीच एकमेव राजभाषा, आणि बदलासाठी मुदत ३१ डिसेंबर १९६० पर्यंत.

५ जूनला विधेयक मांडलं. त्या दिवशी चेल्वनायकम आणि त्यांच्या फेडरल पक्षाची माणसं संसदेसमोरच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसली. जमाव आला आणि बसलेल्यांना मारलं. अमृतलिंगम नावाचा तरुण खासदार डोक्याला पट्टी बांधून सभागृहात गेला. दंगल शहरात पसरली, मग पूर्वेकडे गल ओयाच्या वसाहतीत शंभराच्या वर माणसं मेली असं मानतात, त्यात बहुतेक तमिळ. आणि विधेयक? ५६ विरुद्ध २९ मतांनी मंजूर. विरोधात बोलणाऱ्यांत डावे सिंहली नेतेही होते. एका भाषेचा हट्ट धरलात तर देश दोन होतील असं कॉल्विन डी सिल्वांनी बजावलं होतं. ते स्वतः सिंहली, हे विसरू नका.

पुढचं तुम्हाला ढोबळ माहीत आहे. १९५७ चा बंदरनायके-चेल्वनायकम करार, भिक्खूंच्या दबावाखाली तो १९५८ मध्ये मोडला, पुन्हा दंगली, १९५९ मध्ये खुद्द बंदरनायकेंना एका भिक्खूनेच गोळ्या घातल्या. १९८३ पासून युद्ध. मी त्यात शिरत नाही. मला एका कारकुनाबद्दल बोलायचंय.

कोडीश्वरन हे तमिळ सरकारी कर्मचारी. सिंहलीची परीक्षा दिली नाही म्हणून त्यांची वार्षिक वेतनवाढ रोखली. रक्कम असून असून किती असणार! पण ते कोर्टात गेले. जिल्हा न्यायालयाने १९६४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, भाषेचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये तो फिरवला, कारण काय, तर सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावाच लावता येत नाही. भाषेच्या मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. १९६९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की दावा लावता येतो, आता मूळ प्रश्न तपासा. तो तपासला जायच्या आत १९७२ ची नवी घटना आली आणि त्या प्रश्नाचा निकाल आजतागायत लागला नाही. तमिळला राजभाषेत जागा मिळाली ती १९८७ मध्ये.

आमच्या मावशीला मध्ये जमिनीची एक नोटीस आली. सगळी कन्नडमध्ये. वाचून दाखवली ती शेजारच्या कन्नड पोरानेच, आणि उत्तर द्यायची तारीख निघून गेलीय हेही त्यानेच सांगितलं. त्याच्याशी आपलं भांडण नाही, कागदाशी आहे. आणि गंमत बघा, आपल्या घटनेतली ३५०अ आणि ३५०ब ही कलमं, म्हणजे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी, हीसुद्धा १९५६ चीच आहेत. सातव्या घटनादुरुस्तीतली. ज्या वर्षी आपल्याला ढकललं त्याच वर्षी हे हातात दिलं. आपल्यापैकी किती जणांनी ती वाचलीत? मी तिशीनंतर वाचली.

अजून एक, जरा कडू. १९४८ मध्ये सिलोनने चहामळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांचं नागरिकत्व काढून घेतलं. तेव्हा जाफन्याचे काही तमिळ पुढारी सरकारात जाऊन बसले. मळ्यातले लोक त्यांना आपले वाटले नाहीत. चेल्वनायकमांनी याच प्रश्नावर जुना पक्ष सोडला. आठ वर्षांनी कायदा जाफन्याच्या दारात आला. खानापूरच्या डोंगरातल्या मराठी शाळेचं पत्र समितीच्या बैठकीत शेवटी वाचलं जातं तेव्हा मला हे आठवतं.

कोडीश्वरन खटल्याच्या तारखा आणि ३५०अ, ३५०ब चा मजकूर यांच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्यात. चाळीसच आहेत, दोघांत एक घ्या. प्रश्न असतील तर आता विचारा, कन्नडमध्ये विचारलेत तरी चालेल.