पाठ्यपुस्तक आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार



इतिहासाचे पाठ्यपुस्तक बदलले की वादळ उठते. ते वर्गात कसे शिकविले जाते, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा प्रारंभच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होतो. रांके व मार्क्स, राजवाडे व महात्मा फुले यांच्या दृष्टींचा परिचय मुलांना व्हावा, ही योजना स्वागतार्हच होय. परंतु परीक्षेच्या चरकात सापडताच ही प्रकरणे रिकाम्या जागा भरण्यापुरती उरतात. पुराव्याची छाननी करण्यास सांगणारा पाठ विद्यार्थी छाननी न करताच घोकतो!

वास्तविक सामान्य पुस्तकातूनही इतिहासदृष्टी घडविता येते. शिवचरित्र शिकविताना शिक्षकाने जोतीरावांचा १८६९ सालचा पोवाडा आणि राजवाड्यांचे लेखन यांतील उतारे शेजारी ठेवावेत. एकाला शिवाजी महाराजांत शूद्र शेतकऱ्यांचा राजा दिसतो, दुसऱ्याला महाराष्ट्रधर्माचा उद्धारक. हा फरक साधनांतला, की लिहिणाऱ्याच्या सामाजिक स्थानातला? पाठ्यपुस्तकातील वाक्य कोणाच्या अधिक जवळ आहे? त्यात राबणारी कुणबीण कोठे आहे? असे प्रश्न मुले विचारू लागली म्हणजे पाठ्यपुस्तक वेदवाक्य राहत नाही. तेही तपासण्याचे एक साधन बनते.

सत्तेला नेमके हेच नको असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या पुस्तकातून २०२३ साली मोगल दरबारावरील प्रकरण गेले. त्याचा निषेध योग्यच. पण समाजवाद्यांनी स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. १९७७ साली समाजवादी पक्ष ज्या जनता पक्षात विलीन झाला, त्याच पक्षाच्या राजवटीत १९७८ साली रामशरण शर्मा यांचे ‘प्राचीन भारत’ हे पुस्तक अकरावीच्या अभ्यासक्रमातून काढले गेले. सत्तेतील भागीदाराला या जबाबदारीतून अंग काढून घेता येणार नाही.

म्हणून ‘त्यांचा इतिहास काढा, आमचा लावा’ ही समाजवादी मागणी होऊ शकत नाही. त्याने पाठांतराचा मजकूर बदलेल, पाठांतर बदलणार नाही. प्रश्नपत्रिकेत अपरिचित उतारा देऊन त्याची चिकित्सा विचारावी, शाळेच्या ग्रंथालयात मूळ साधने असावीत आणि वेगळा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला संरक्षण मिळावे, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी पालकांना संघटित करावे. वर्गात पुस्तकाला प्रश्न विचारणारा मुलगा उद्या सरकारलाही प्रश्न विचारील. मग सरकार कोणाचेही असो, आपलेसुद्धा!