पहिलं गोंदण : आधीची तयारी, नंतरची निगा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज आम्ही हप्ता, व्याज, शेळीचं कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे गोंदणाबद्दल.

आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असायचं. हिरवट-निळे ठिपके, तुळस, विंचू, कुणाच्या हातावर देवाचं नाव. गोंदणारीण दारात यायची, काजळी कालवायची, सुयांची जुडी काढायची. पोरगी रडायची आणि घरच्या बाया तिला धरून ठेवायच्या. मेल्यावर दागदागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या मानायच्या. मग मधल्या काळात आपल्या आयांना गोंदण जुनाट वाटायला लागलं. आता त्यांच्याच नाती यात्रेत टॅटूच्या टेबलापुढं रांग लावतात.

आम्ही हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका यात्रेत आमच्या गटातल्या तिघी आणि त्यांच्यातल्या एकीची मुलगी, अशा चौघींनी एकापाठोपाठ एक गोंदून घेतलं. बॅटरीवर चालणारं मशीन, चित्रांची वही, प्लास्टिकच्या झाकणात शाई. चौघींना सुई एकच, शाई एकच, पुसायचा बोळासुद्धा एकच. तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. पाचव्या दिवशी एकीचा हात कोपरापर्यंत सुजला, ताप भरला. घरी ओरडा बसेल म्हणून तिनं तो हात पदराखाली झाकून दोन दिवस खुरपणी केली.

तिला घेऊन आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. औषधानं हात बरा झाला. पण तिथल्या सिस्टरांनी विचारलं, "त्याच सुईनं अजून कुणी गोंदलं का?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. मग चौघींच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. एचआयव्हीची, आणि यकृताला सूज आणणाऱ्या दोन काविळींची, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी यांची. तेव्हा काही निघालं नाही. पण हे आजार रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी आणि परत सहा महिन्यांनी यायला सांगितलं. शेवटी चौघींचे कागद चांगले आले. पण ते सहा महिने त्या चौघी कशा झोपल्या असतील, ते त्यांनाच माहीत. एकीनं तर लहान लेकराला जवळ घ्यायचंसुद्धा कमी केलं होतं. खरं तर जवळ घेतल्यानं यातलं काही होत नाही. पण भीतीला कोण समजावणार?

तेव्हापासून आम्ही गोंदणाला नको म्हणत नाही. आम्ही म्हणतो, माहिती घेऊन करा. आणि गेल्या हिवाळ्यात ती वेळ आमच्यावरच आली.

आमच्या गटात एक ताई आहेत. वय पंचेचाळीसच्या पुढं. लग्नात सासरी त्यांचं नाव बदललं, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तशी आपल्यापैकी कितीजणींची बदलली आहेत. त्यांचे आईवडील गेले, भाऊही गेला. जुन्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नाही. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "मला माझं माहेरचं नाव हातावर गोंदून घ्यायचंय. पण त्या पोरींसारखं नको." मग आम्ही मिळून तयारी केली. तीच तयारी आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, गोंदण म्हणजे जखम. सुई वरची कातडी ओलांडून खालच्या थरात शाई सोडते, म्हणून ती शाई जन्मभर राहते. म्हणजे जखमेची जेवढी काळजी घेऊ, तेवढी याची घ्यायची.

दुसरी गोष्ट, आपली तब्येत. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर थांबा. साखरेचा आजार असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांची जुनी जखम भरल्यावर त्या जागी जाड, फुगीर वण वाढतो, त्यांनी गोंदू नये, कारण गोंदणावरही तसाच वण येऊ शकतो. तिळावर, चामखिळीवर, खाजेच्या चट्ट्यावर गोंदू नका. तिळाचा रंग बदलला तर तो डॉक्टरांना दिसला पाहिजे. मुलगी 18 वर्षांची झाल्याशिवाय टॅटू नको, हे आम्ही गटात ठरवूनच टाकलं आहे. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, ते आशाताईंना विचारा. हिपॅटायटिस बी वर लस आहे. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. सी वर लस नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, वेळ. आमच्या ताईंनी कापसाची वेचणी संपल्यावरचा दिवस धरला. पावसाळ्यात चिखल, भांगलणीच्या वेळी माती, फवारणीच्या दिवसांत औषध. यातलं काहीही ताज्या गोंदणावर पडलेलं चांगलं नाही. निदान दोन-तीन आठवडे हाताला जरा सवड मिळेल, असे दिवस बघा.

चौथी गोष्ट, जागा. मनगटावर बांगड्या घासतात, म्हणून आम्ही कोपराखाली आतल्या बाजूला, बांगड्यांच्या वर चार बोटं जागा धरली. ज्या मुली पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करतात, त्यांच्या आयांनी नीट ऐका. भरतीत टॅटू शरीरावर कुठं आहे, केवढा आहे, कसला आहे, हे बघतात. केंद्रीय दलांच्या भरतीत डाव्या हाताच्या कोपराखालची आतली बाजू किंवा पंज्याची मागची बाजू एवढीच मुभा असते, आणि आकारालाही मर्यादा असते. म्हणून जाहिरातीतला नियम आधी वाचा, गोंदायचं नंतर. मानेवरच्या एका फुलापायी दोन वर्षांचं धावणं वाया जायला नको.

पाचवी गोष्ट, अक्षर. ताईंनी नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं. आम्ही तिघींनी ते वाचलं. एक वेलांटी चुकली होती! कागदावर खोडता येतं, कातडीवर नाही. आधी हातावर छाप उमटवतात, तो परत वाचा, दुसरीकडूनही वाचून घ्या. अक्षरं फार बारीक घेऊ नका. वर्षं जातील तशी रेघ थोडी पसरते आणि अनुस्वार, मात्रा एकमेकांत मिसळतात. लाल रंगानं खाज-पुरळ येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून आम्ही काळाच घेतला. आणि नवऱ्याचं नाव असो की लेकराचं, एक महिना मनात ठेवून बघा. लेझरनं काढायचं म्हटलं तर कितीतरी खेपा, हजारो रुपये, आणि तरी खूण राहते. अॅसिडनं, चुन्यानं काढायला तर कधीच जाऊ नका, हात जळतो.

सहावी गोष्ट सगळ्यात मोठी. सुई आपली, शाई आपली. आम्ही तालुक्याच्या गावी दोन दुकानं पाहिली. पहिल्या ठिकाणी प्रश्न विचारल्यावर तो मुलगा चिडला. आम्ही उठलो आणि बाहेर आलो. दुसऱ्या ठिकाणच्या मुलानं सगळं दाखवलं. तुम्हीही हेच बघा. सुईचं बंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे. त्यावरची मुदत वाचा. शाई मोठ्या बाटलीतून नव्या छोट्या झाकणात आपल्यापुरती ओतली पाहिजे, आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. कितीतरी ठिकाणी सुई बदलतात, पण झाकणातली शाई तीच ठेवतात. मग आधीच्या माणसाचं रक्त शाईतून आपल्या हातात येतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, सात दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. डोळ्यांना काही दिसत नाही. हातमोजे नवे हवेत, आणि मध्येच फोन उचलला तर ते बदलायला हवेत. केस काढायचं पातं नवं हवं. वापरलेली सुई डब्यात टाकली पाहिजे. हे विचारायला लाजू नका. भाजीवाल्याकडं भेंडी मोडून बघतो आपण, मग सुई का बघायची नाही?

जाण्याआधी पोटभर जेवून जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. सैल बाहीचं पोलकं घाला. सोबत एक मैत्रीण न्या. आम्ही तिघी गेलो होतो. ताईंचा दुसरा हात एकीनं धरला होता. पण या वेळी पळून जाऊ नये म्हणून नाही, तर सोबत म्हणून.

आता नंतरची निगा. गोंदणारा जी पट्टी लावतो, ती किती वेळ ठेवायची ते त्यालाच विचारून घ्या. पट्टी काढताना आधी आपले हात साबणानं धुवा. मग कोमट पाण्यानं आणि सौम्य, बिनवासाच्या साबणानं गोंदण हलकेच धुवा. स्वच्छ, धुतलेल्या सुती फडक्यानं टिपून घ्या. घासू नका. पदरानं तर मुळीच पुसू नका. पदरानं आपण दिवसभर काय काय पुसतो, ते आठवा! मग साध्या व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. थापून लावलं तर जखम ओली राहते. असं दिवसातून दोनदा.

हळद, चुना, राख, टूथपेस्ट, गोडेतेल, यातलं काही लावायचं नाही. आमच्या ताईंच्या सासूबाई हळद घेऊन आल्याच होत्या. त्यांचं प्रेम खरं, पण ती हळद पिसलेली, हाताळलेली, डब्यात पडून असलेली. उघड्या जखमेत तिच्यासोबत काय जाईल, सांगता येत नाही. त्यांना आम्ही म्हटलं, "आजी, ही हळद आमटीत घाला, तिला ताकद येईल."

तीन-चार दिवसांनी खाज सुटते, पापुद्रे निघतात. नखं लावायची नाहीत, वरून हलकेच थोपटायचं. पापुद्रा ओढला तर त्यासोबत शाईही निघते. दोन-तीन आठवडे विहीर, नदी, तळं, कॅनॉल यात हात बुडवायचा नाही. रोजची आंघोळ चालते. शेण, गोठा, भांडी घासणं दुसऱ्या कुणी करावं. नाहीच जमलं तर लांब रबरी हातमोजे घाला. उन्हात बाहीनं झाका. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतली भरायला काही महिने लागतात.

पहिले दोन दिवस थोडी लाली, थोडी ठणक असतेच. पण लाली पसरत गेली, सूज वाढली, पू आला, ताप आला, हातावर लाल रेघा वर चढल्या, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. पदराखाली झाकू नका. आणि चुकून दुसऱ्याच्या सुईनं गोंदलं गेलं असेल, तर लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत, डॉक्टरांना खरं सांगा. वेळेत घेतलेली लस हिपॅटायटिस बी ला अडवू शकते. सी झालाच तर आता गोळ्यांनी बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात तपासणी-उपचार मोफत आहेत. एक लक्षात ठेवा, गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. गावात शिबिर लागलं तर तसं स्पष्ट सांगा.

आमच्या ताईंचा हात तीन आठवड्यांत छान झाला. बैठकीत त्यांनी बाही वर केली. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय गं?" ताईंनी नाव सांगितलं. आजींनी त्याच नावानं हाक मारली, एकदा, दोनदा. ताई काही बोलल्या नाहीत, नुसता हात पुढं करून बसल्या. बँकेच्या कागदावर, आधारवर, गटाच्या रजिस्टरवर त्यांचं सासरचंच नाव आहे आणि तेच राहील. पण बैठक सुरू होण्याआधी आम्ही त्यांना माहेरच्या नावानं बोलावतो.

तर मैत्रिणींनो, यात्रांचे दिवस जवळ आलेत. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि आपापल्या लेकींना बसवून हे सगळं सांगा. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण सुई आपली, शाई आपली, एवढं सांगाच. आता भांडी घासायला हरकत नाही. नमस्कार.