पंढरीच्या पुढची वाट



कार्तिकी एकादशी झाली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की वारकरी घराकडे वळतो. वाळवंटातल्या राहुट्या निघतात, वाखरीच्या बाजारातली खिलार खोंडं नव्या मालकामागे चालू लागतात आणि एसटी स्थानकावर उभं राहायला जागा उरत नाही. ज्यांच्या पायांत तेव्हाही थोडी चाल शिल्लक असते, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. पंढरपूरहून भीमेच्या अंगाअंगाने खाली मंगळवेढा, तिथून माचणूर आणि शेवटी हत्तरसंग कुडल, जिथे सीना भीमेला मिळते, तिथवर पायी जाता येतं. बेताबेताने चाललं तर आठवडाभराची वाट. फार सुंदर वाट. पण तिच्यावर दिंडी नाही, म्हणून ती घरी बसून नीट आखावी लागते.

वारीत आपण फक्त चालतो. बाकीचं सगळं दिंडी करते. सामानाचा ट्रक पुढे गेलेला असतो, पाण्याचा टँकर आलेला असतो, पिठलं-भाकरीचा वास लांबूनच येतो, आणि आज किती चालायचं हे कित्येक पिढ्यांपूर्वी ठरलेलं असतं. पंढरीच्या पुढे यातलं काहीच नसतं. वीस वर्षं वारी केलेला माणूससुद्धा या वाटेवर नवखाच असतो, हे आधी मनाशी मान्य करावं.

पहिला हिशोब दिवसाचा. कार्तिकी कधी येते ते आधी पंचांगात बघा. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हा ती २३ नोव्हेंबरला होती. २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला. या तीन आठवड्यांत वाट पार बदलते. लवकर आलेल्या कार्तिकीला रानात ओल असते, ओढे वाहत असतात, पाणंद रस्ते चिखलाचे असतात. उशिराच्या कार्तिकीला वाट कोरडी, पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी ऊन तरीही चटकतं. नोव्हेंबरच्या अखेरीस या भागात साडेसहाच्या पुढे उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य बुडतो. म्हणजे उजेड सव्वाअकरा तासांचा. त्यातले सगळे तास चालण्यात घालवायचे नाहीत.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मुक्कामाच्या गावात दुपारी तीनला पोचा. पालखीच्या वाटेवर रात्री आठला आलेला माणूसही माउली असतो. आडवाटेच्या गावात अंधार पडल्यावर शिरलेला अनोळखी माणूस म्हणजे गावाला काळजी. कुत्री अंगावर येतात, बायामाणसं दारं ओढून घेतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तीन वाजता पोचलं की पारावर बसता येतं. चार माणसं विचारतात, कुठले, कुठं निघालात. पोलीस पाटलांना भेटता येतं, देवळाच्या पुजाऱ्याला विचारता येतं, शाळा सुटायच्या आत गुरुजींची गाठ पडते. सभामंडपात पथारी पसरायची परवानगी उजेडी मागितली तर मिळते, आणि परवानगीबरोबर बहुधा चहाही येतो. म्हणून रोजची चाल पंधरा किलोमीटरच्या आसपास धरावी. वारीत याच्या दुप्पट चालणाऱ्याला हे फार थोडं वाटेल. तरीही पंधराच धरावी.

आता वाट. निघण्याआधी महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीपुढे थांबा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि राबणाऱ्या माणसांसकट चोखोबा त्याखाली गाडले गेले. परंपरा साल सांगते १३३८. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं ओळखून त्यांनी त्या पंढरीला आणल्या, अशी कथा आहे. ज्या भक्ताला हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याची समाधीही दाराबाहेरच राहिली. ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. अस्थी ज्या दिशेने आल्या, तिच्या उलट दिशेने आपण मंगळवेढ्याला निघतो. वारीचा मार्ग जिथे संपतो असं आपण समजतो, तिथून पुढेही संतांचीच भूमी आहे, हे या पंचवीसेक किलोमीटरमध्ये पायांना कळतं. हे अंतर एका दिवसात रेटू नका. माण नदीच्या अल्याड एक मुक्काम करा.

मंगळवेढ्यात दोन रात्री राहिलात तरी चालेल. दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेला खुली करणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली, आणि बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचं वास्तव्यही इथेच होतं. पण मी तुम्हाला गावाबाहेर, शिवारात जायला सांगेन. इथली काळी जमीन पुरुषभर खोल. ज्वारी पेरली जाते ती पाऊस ओसरताना, आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती पोसते. नोव्हेंबरात ताटं गुडघ्याएवढी झालेली असतात आणि कोळपणी चाललेली असते. कोळप्याची फास जमिनीचा वरचा थर भुसभुशीत करत जाते, तिच्यामागे पडू पाहणाऱ्या भेगा बुजत जातात आणि खालची ओल खालीच कोंडून राहते. बांधावर उभं राहून हे बघावं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते या मातीमुळे. हीच माती अवकाळी पाऊस झाला की चालणाऱ्याला एक पाऊल टाकू देत नाही. बुटाला किलोकिलोने चिकटते. अशा दिवशी पाणंद सोडा आणि डांबरी धरा, किंवा सरळ मुक्काम वाढवा.

माचणूरला सिद्धेश्वराचं देऊळ आहे, नदीत उतरणारा घाट आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं पडून होती. इथून पुलावरून बेगमपूरला आलं की भीमा उजव्या हाताला येते. डावीकडून, अजून दूर, सीना येत असते. पुढचे दिवस आपण या दोन नद्यांमधल्या, हळूहळू चिंचोळ्या होत जाणाऱ्या पट्ट्यातून चालतो.

इथे नदीबद्दल बजावून सांगायला हवं. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात आणि ते खाली औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. म्हणजे आभाळात एक ढग नसतानाही नदी वाढते. काल गुडघाभर पाण्यातून गेलेल्या माणसाचं ऐकून आज पात्रात उतरू नका. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर तो बंधारा ही वाट नव्हे. दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी पुलानेच जा.

दुसरी काळजी उसाची. याच दिवसांत कारखाने पेटलेले असतात. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या रानोरान दिसतात आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. मोठ्या रस्त्याने चालावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, आणि पाठीवरच्या पिशवीला चमकणारी पट्टी शिवून घ्या. उसाच्या सरीत शिरू नका. तिथे घोणस असते, आणि थंडीत ती जास्त दिसते. कुठल्या गावाला कुठलं ग्रामीण रुग्णालय जवळ, हे वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये ठेवलेलं फोन बंद पडला की उपयोगाचं नाही.

शिदोरीची मात्र चिंता नाही. सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिवसचे दिवस टिकतात. दोन्ही मंगळवेढ्यातच घ्या. पाणी तीन लिटर जवळ असू द्या. तळवा जाड असलेलीच पादत्राणं घाला, कारण बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो.

वाटेवरच्या मंद्रूप गावाच्या पुढे लोकांच्या बोलण्यात कानडी मिसळू लागते. एकाच ओट्यावर एक जण मराठीत विचारतो, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देतो आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. मग संगम. कुडलच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर कोरलेला मराठी लेख आहे, शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी कुणीतरी इथे मराठीत छिन्नी चालवली होती. जवळच उत्खननात सापडलेलं, ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मान वर करून ती तुळई नीट बघा, सोबत विजेरी न्या. घाईत आलेल्या माणसाला ती अक्षरं दिसत नाहीत.

यंदा सगळी वाट जमणार नसेल तर मंगळवेढ्यापर्यंत तरी चला. तिथून पंढरपूरला आणि सोलापूरला एसटी मिळते. एकटे जाऊ नका, दोघे-तिघे जा, आणि रोज संध्याकाळी घरी एक फोन करा. कार्तिकीची तारीख पंचांगात आजच बघून ठेवा आणि काल्यानंतरचे आठ दिवस मोकळे ठेवा.