कॅज्युअल्टीच्या दारात

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो आणि मागच्या रांगेत जाऊन बसलेल्या चालक बंधूंनो,

कोकणातल्या रुग्णवाहिका सेवेच्या इतिहासाचा आढावा घ्यावा, असं या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाच्या निमंत्रणात लिहिलं आहे. घेतो.

आधी डोली होती. पावसाळ्यात काही वाड्यांवरून आजही तीच निघते. मग प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप आली. लसींच्या पेट्या, नसबंदी शिबिराची माणसं, साहेबांचा दौरा आणि अडलेली बाई, सगळं त्याच जीपमधून. १०८ क्रमांकाची सेवा हैदराबादेत सुरू झाली २००५ साली, शेजारच्या गोव्यात २००८ साली. आपल्याकडे ती २०१४ च्या जानेवारीत आली. तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ एएलएस, म्हणजे प्रगत जीवरक्षक सोयीच्या, बाकीच्या बीएलएस, म्हणजे प्राथमिक सोयीच्या, आणि सूत्रं पुण्याच्या औंध उरो रुग्णालयातून. इतर बहुतेक राज्यांनी गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवला, आपण डॉक्टर बसवला. झाला आढावा.

आता, इतकी वर्षं कुठल्याच व्यासपीठावर बोलू न दिलेली गोष्ट बोलतो. हा सगळा इतिहास रुग्णालयाच्या दारापाशी संपतो. गाडी किती मिनिटांत घटनास्थळी पोहोचली, हे आपण बातमीत छापतो, मंत्री सभागृहात सांगतात. दारात पोहोचल्यावर ती किती वेळ उभी राहिली, हे कोणी विचारत नाही.

सकाळच्या परिसंवादात गाडीत डॉक्टर हवा की तंत्रज्ञ, यावर बरंच रणकंदन झालं. मला कशेडी घाटातली एक रात्र आठवते. ट्रक उलटला होता. आमच्या बीएएमएस डॉक्टरने रक्तस्राव आवळून धरला, सलाईन लावली, रुग्ण जिवंत आणला. दारात उत्तर मिळालं, ‘बेड नाही, पुढे न्या.’ पुढे म्हणजे मुंबई. हुज्जत घातल्यावर आत घेतलं, पण आमच्याच स्ट्रेचरवर, व्हरांड्यात. रुग्ण स्ट्रेचरवर, स्ट्रेचर अडकलेलं, गाडी मोकळी असून निकामी. तेवढ्यात पोलादपूरकडून बाळंतपणाचा फोन आला. तिकडे लांबची गाडी धाडावी लागली. त्या बाईचं पुढे काय झालं, ते इथे सांगत नाही. तिचे नातेवाईक याच तालुक्यात राहतात. सांगायचं एवढंच, की त्या रात्री गाडीत तंत्रज्ञ असता, डॉक्टर असता, साक्षात धन्वंतरी असता, तरी दार तेच होतं. माझ्यापुरता तुमचा वाद मिटला.

‘गाड्या वाढवा’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. आज दोन अडकतात, उद्या तीन अडकतील.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर पोराला मी बोल लावत नाही. रात्री तो एकटा असतो, वरचे फोन उचलत नाहीत, आणि नातेवाईक त्याच्याच अंगावर धावून जातात. पण सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावलं, की आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद नंतर. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून जागा दिली. त्या तासातला किती भाग आपण ‘केसपेपर काढून आणा’ यात घालवतो? इंग्लंडात रुग्ण १५ मिनिटांत ताब्यात घ्यावा असं उद्दिष्ट आहे. तिथेही गाड्या तासन्‌तास खोळंबतात, वर्तमानपत्रं झोडपून काढतात. पण ते मोजतात, म्हणून झोडपता तरी येतं. आपल्याकडे सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला, रायगडातून मुंबईला रुग्ण नेताना वाटेत किती दारं लागली, त्याचा हिशेब चालकाच्या डोक्यात असतो, आणि चालकाला कोण विचारतो?

गाडीचं स्ट्रेचर अडकू नये म्हणून प्रत्येक कॅज्युअल्टीत चार राखीव स्ट्रेचर हवीत. त्यासाठी निवेदन द्यावं लागेल. मसुदा कार्यकारिणी करेल असं धरून चालतो. सेवेचा इतिहासही कुणा तरुणाने लिहायला घ्यावा. जुन्या जीपचे चालक अजून हयात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.

तुमच्याकडे मात्र आजच मागणं आहे. यापुढे प्रत्येक फेरीला दोन वेळा लिहा: गाडी दारात लागली ती, आणि आपलं स्ट्रेचर परत हातात आलं ती. छापील फॉर्मात रकाना नसेल तर समासात लिहा. आणि पुढच्या अधिवेशनाला हार-तुरे नकोत, त्या वह्या घेऊन या.