दारूचे नाव घ्यायला आता भ्यायचे नाही

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर आम्ही कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, बँकेची वसुली आणि वीज यांवर बोलत आलो. आज दारूवर बोलायचे आहे. दारूच्या आधी किंवा दारूच्या मागोमाग मनाचा जो आजार घरात शिरतो, त्यावरही बोलायचे आहे. काही जण म्हणतील, हा कीर्तनकाराचा विषय, संघटनेचा नव्हे. तसे नाही, एवढेच सांगायला आज उभे राहिलो आहोत.

सुरुवात जरा लांबून करतो. आपल्याकडची काही पोरे मुंबईला मढला कामाला आहेत. त्यांना भेटायला आम्ही गेलो होतो. मालाड स्टेशनला उतरायचे, मार्वे रस्त्याने मालवणी ओलांडायची, की पुढे कोळ्यांचे हे गाव लागते. कोळ्याचे आणि आपले गणित फारसे वेगळे नाही. आपले पावसावर, त्यांचे समुद्रावर. आपली उचल बियाण्याला, त्यांची डिझेलला. माल हातात आला की भाव दुसऱ्याच्या हातात. तिथे किनाऱ्यावर उभे असताना एक गोष्ट मनात आली. होडी वेळेवर परतली नाही तर सारा कोळीवाडा किनाऱ्यावर गोळा होतो, दुसऱ्या होड्या शोधायला निघतात. आपल्याकडे कोणी विहिरीत पडला तर अख्खा गाव दोर घेऊन धावतो. पण माणूस दारूत बुडत असेल, चार-चार रात्री झोपेविना काढत असेल, तर धावणारे कोणी नसते. उलट शेजारी दार लावून घेतात.

त्या मढच्या वाटेवरच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. दारूत मिथेनॉल होते. ते पोटात गेले की आधी डोळे जातात, मग जीव. गुन्हे दाखल झाले, काही पोलीस निलंबित झाले, खटला चालला. ते व्हायलाच हवे होते. पण दिवसभर राबून रोज संध्याकाळी तीच पिशवी घेणाऱ्या माणसाला ती सोडायची असती, तर त्याने जायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो आपल्याकडेही कोणी विचारत नाही. आणि खरे सांगायचे, तर आम्हीही विचारला नाही.

का विचारला नाही, ते आज कबूल करतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारचा माणूस येतो आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. कर्ज होते का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, ते पाहिले जाते. पात्र ठरले तर एक लाखाची मदत, हा हिशेब २००६ पासून चालत आला. आणि कोणी ‘दारू पीत होता’ एवढे दोन शब्द बोलला, की प्रकरण अडले. बापाची दारू कर्जाआधीची की कर्जानंतरची, हे कोण तपासणार? म्हणून आपण एक रीत पाडली. गावाने दारूचे नाव काढायचे नाही. विधवा बहिणीच्या पदरात चार पैसे पडावेत यासाठी ती रीत होती. त्यात आमचे काही चुकले असे आम्हाला आजही वाटत नाही.

पण चौकशीच्या दिवशी गप्प बसायची सवय लागली आणि पुढे आपण एरवीही गप्प राहू लागलो. आपल्यातला एक जुना कार्यकर्ता गेला. रास्ता रोकोला सर्वांत पुढे असणारा माणूस. शेवटचे वर्षभर बैठकीला येईना. आला तरी मागे बसायचा. वावराकडे फिरकत नव्हता, डवरणीचे दिवस तसेच गेले. सकाळीच तोंडाला वास येई. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले. ‘वाया गेला’ म्हटले आणि पुढच्या विषयाला लागलो. तो गेल्यावर मात्र त्याच्या मदतीचा अर्ज आम्हीच लिहिला, अगदी नीट, मुद्देसूद. जिवंत असताना त्याच्या घरी जाऊन ‘झोप लागते का?’ एवढे विचारले नाही.

आता कोणी म्हणेल, साहेब, दुखणे भावाचे आहे आणि तुम्ही इलाज मनाचा सांगता. सरकारला हेच हवे आहे. शेतकरी वेडा ठरला, बेवडा ठरला, की धोरण सुटले. हा आक्षेप खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की पाऊस दडी मारतो म्हणून आपण डवरणी सोडत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, ओल टिकवणे आहे. भावाची लढाई लांबची आहे. ती लढायला माणसे जिवंत आणि शुद्धीवर हवीत. कर्जमाफीने सातबारा कोरा होतो, हाताची थरथर थांबत नाही.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्रात नवे नाही. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला हातभार होता. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, काम चालू आहे. मुक्तांगणची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. ज्याने स्वतः गटार पाहिले त्याचे बोलणे दारुड्याला पटते. आमच्यासारख्या पदवीधराचे पटत नाही.

पण सालदाराने पाच आठवडे येरवड्याला राहायचे तर पेरणी कोण करणार? म्हणून गावातल्या गावात काय होऊ शकते, ते पाहू. आम्ही शेतीशास्त्र शिकलेलो, तेव्हा प्लॉट पाहिल्याशिवाय शिफारस करत नाही. इथे दोन प्लॉट पाहण्यासारखे आहेत.

पहिला आपल्याच विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातले कार्यकर्ते घरोघर बोलायचे, त्यांच्या वर शिकवून तयार केलेले समुपदेशक, आणि अवघड रुग्णासाठी मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला उदास आजार असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम ४ उपचारापर्यंत पोचत होती. दीड वर्षाने ती २७ झाली. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. हे आकडे २०१७ साली छापले गेले. तुलनेला बाजूचा प्लॉट राखलेला नव्हता, म्हणून सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण २७ माणसे दारात आली, ही गोष्ट लहान नाही.

दुसरा प्लॉट गोव्यातला, आणि तिथे तुलना नीट केलेली होती. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हे काम झाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, तिथलीच साधी माणसे शिकवून तयार केली होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी अशा बैठका झालेल्यांतले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांतले २६ टक्के. वर्षभराने पाहिले तेव्हाही फरक टिकून होता. शंभरात दहा माणसे जास्त. कोणी वाणाच्या नावाखाली दुप्पट उताऱ्याच्या गप्पा मारतो तेव्हा आपण हसतो. शंभराला दहा जास्त, तेही चार बैठकांत, हे खरे पीक आहे. मात्र हा उपाय दारूच्या पूर्ण आहारी न गेलेल्या माणसासाठी होता. आहारी गेलेल्याला दवाखानाच लागतो.

आता हा दवाखान्याचा मुद्दा नीट ऐका, यात जीव जातात. वर्षानुवर्षे सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद करून त्याला खोलीत कोंडू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत हातपाय कापतात, फिट येते, माणूस भ्रमात जातो, कधी जीवही जातो. हे दिवस डॉक्टरच्या देखरेखीत, औषधावर काढायचे असतात. आणि चहात गुपचूप टाकायची पावडर किंवा थेंब विकणाऱ्याला गावात पाऊल ठेवू देऊ नका. अशा औषधावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते औषध देतो तेव्हा माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतो.

कोणी विचारेल, सोडून पुन्हा लागतो, त्याचे काय? वावरातला कुंदा एकदा खणला म्हणजे गेला का? गड्डा खाली राहिला तर पहिल्या पावसाला पुन्हा वर येतो. म्हणून आपण वावर विकतो का? पुन्हा खणतो. दारूचेही तसेच. आपल्याकडे माळ घातलेल्या कितीतरी माणसांची दारू सुटली. त्यांना सावरते ती माळेबरोबर आलेली संगत, एकादशीचे भजन, वारीतले सोबती. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केले, त्याचे मर्मही हेच. फी नाही, पुढारी नाही, आठवड्याला एक बैठक, आणि मोजायचा फक्त आजचा दिवस. बैठका घ्यायला तर आपल्याइतके कोणी सराईत नाही!

एक गोष्ट कृषी पदवीधर म्हणून सांगायची आहे. कोणत्या अळीला कोणते औषध, किती लिटर पाण्यात किती, हे आम्ही चार वर्षे घोकले आणि तुम्हाला सांगत आलो. ज्या घरात माणूस खचलेला आहे तिथे तो डबा ठेवू नये, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशके १९९५ च्या सुमारास बंद केली, एन्डोसल्फान १९९८ ला बंद केले, आणि दहा वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण निम्म्यावर आले. घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याचा मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे जहाल विष बाजारातूनच गेले पाहिजे. ते होईपर्यंत आपण एवढे करू शकतो: त्या घरात शिलकी औषध ठेवायचे नाही. फवारणीपुरते आणायचे, उरलेला डबा दुसऱ्याच्या गोठ्यात. झटका उतरेपर्यंत विष हाताशी नसले, तरी पुष्कळ माणसे वाचतात.

आणि पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखान्यात खोटे बोलू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचा आहे. कोणते औषध प्याला ते डॉक्टरला खरे सांगा. डबा बरोबर न्या.

सरकारी सोयी कागदावर आहेत. कष्टकरी शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ साली १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प निघाला. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, रात्री-बेरात्री मराठीत बोलता येते. पण भ्रमणध्वनीवर बोलायलाही कोणीतरी आधी ‘लाव’ म्हणणारा लागतो. तो आपण व्हायचे आहे.

तेव्हा या बैठकीतून कामे घेऊन जाऊ.

एक. प्रत्येक गावातून दोन कार्यकर्ते द्या, एक पुरुष आणि एक बाई. घरातल्या दारूची खबर आधी बाईलाच असते आणि मारही आधी तीच खाते. तिचे ऐकणारी कोणी हवी.

दोन. या दोघांनी वर्षात चार वेळा फेरी करायची: दुबार पेरणीच्या वेळी, बोंडअळीच्या वेळी, चुकाऱ्याच्या वेळी आणि वसुलीच्या वेळी. दोन प्रश्न विचारायचे: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असे झाले का? उदास, हताश वाटते का? उत्तर ‘हो’ आले तर ‘मरावेसे वाटते का?’ हेही सरळ विचारायचे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो.

तीन. उत्तर ‘हो’ असेल तर उपदेश करू नका. त्याला घेऊन सकाळी धुऱ्यापर्यंत चालत जा, उद्या पुन्हा जा. मरणाची भाषा असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

चार. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ बसावा आणि औषध तिथेच मिळावे, ही मागणी आपल्या निवेदनात कापसाच्या भावाखाली दुसऱ्या क्रमांकाला घालायची.

पाच. मदतीच्या निकषात व्यसनाच्या कारणाने कोणाचे प्रकरण अपात्र होऊ नये, ही मागणीही करायची. आजारी होता म्हणून त्याच्या लेकरांना दंड नको. हे झाले म्हणजे गावाला खरे बोलता येईल.

या सभागृहातही काही जण आहेत, ज्यांच्या खिशात आत्ता बाटली आहे, किंवा घरी जाताना ते घेणार आहेत. आम्ही कोणाचे नाव घेणार नाही. बैठक संपल्यावर आम्ही मागच्या बाकावर बसणार आहोत, शेवटची एसटी जाईपर्यंत. ज्याला बोलायचे आहे त्याने यावे. बाकीच्यांनी चहाला जावे आणि मागे वळून बघू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन नावे लिहून आणायची आहेत.