ताटावरची लढाई

मी बालवाडीत सत्तावीस वर्षं शिकवलं. डबा खाणारी, लपवणारी आणि दुसऱ्याचा डबा फस्त करणारी अशी सगळ्या प्रकारची मुलं पाहिली. पण आज सुरुवात करते ती माझ्याच घरातल्या एका चुकीपासून.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा साडेतीन वर्षांचा होता. ताटात दुधी भोपळ्याची भाजी. तो तोंड उघडेना आणि मी त्याला उठू देईना. पाऊण तास ही लढाई चालली. शेवटी मी त्याचे गाल दाबून घास कोंबला. त्यानं तो तर ओकलाच, पण आधीचा वरणभातही बाहेर आला. आम्ही दोघंही रडलो. तो आजही दुधी खात नाही. गंमत म्हणजे, घरी मुळा पाहून पळणारा हाच मुलगा बालवाडीत मैत्रिणीच्या डब्यातली मुळ्याची कोशिंबीर मागून खायचा! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भांडण भाजीशी नव्हतंच, माझ्याशी होतं.

मूल जेवत नाही, ही तक्रार दीड-दोन वर्षांनंतर सुरू होते आणि तिला कारण आहे. जन्मानंतर पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. पुढे मात्र ते वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. शिवाय दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची मुलांना धास्ती वाटते. म्हणजे मूल हट्टी नसतं, सावध असतं. एखादी चव पटायला कधी आठ-दहा, तर कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण मात्र तिसऱ्या खेपेलाच 'त्याला आवडतच नाही' असा निकाल देऊन मोकळे होतो.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी कामाची सोपी वाटणी सांगितली आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. ऐकायला सोपं, पण आईला आणि त्याहून आजीला फार जड!

आपलं मराठी ताट या कामी मोठं उपयोगी आहे. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात. सगळं थोडं थोडं. मुलाच्या ताटात एक पदार्थ ओळखीचा, पोटभरीचा हवा. त्याच्या शेजारी नवी भाजी फक्त चमचाभर. खाल्ली तर उत्तम, नाही तर ताट उचलायचं. 'भाजी संपव, मग चॉकलेट' असा सौदा करू नका. त्यानं भाजी ही शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. पाहुण्यांसमोर 'हा काही म्हणजे काही खात नाही' असंही म्हणू नका. मूल ते ऐकतं आणि तसंच वागतं.

जेवणाआधी दोन तास बिस्किटं, फरसाण, दूध बंद ठेवा. दुधानं पोट भरतं, पण दुधात लोह फार कमी असतं. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणूनच डाळी, मोडाची कडधान्यं, पालेभाज्या, चालत असेल तर अंडी, मासे, मटण हे सगळं आलटून पालटून ताटात यायला हवं. वरणावर लिंबू पिळलं, तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

मुलांना कामाला लावा. मटार सोलू द्या, मेथी निवडू द्या, भिजवलेल्या मटकीला मोड आले का ते पाहू द्या. हाताला ओळख झाली की तोंडाची भीती कमी होते. चिऊकाऊच्या घासाची जागा मोबाईलला मात्र देऊ नका. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला ना चव कळते, ना पोट भरल्याचं.

एक मात्र सांगते. वजन वाढत नसेल, मूल फिकट दिसत असेल, माती खात असेल, घास घेताना वारंवार ठसकत असेल, तर माझं हे भाषण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

आता माझी नात चार वर्षांची आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे अनेकदा दुधी झाला. तिच्या ताटात दर वेळी चमचाभर. ती वास घ्यायची, बाजूला सारायची. मी जीभ दाताखाली धरून गप्प बसायची. एक दिवस तिनं चमचा तोंडात घातला, चावला आणि पुढचा घास घेतला. मग शेजारी बसलेल्या माझ्या मुलाला विचारलं, "बाबा, तू का नाही घेतलास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोळीकडे पाहिलं. त्या दिवसापासून तोही चमचाभर दुधी वाढून घेतो. अजून खाल्लेला नाही. मी विचारत नाही. वाढणं माझं काम, खायचं की नाही ते त्याचं. हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं असतं, तर किती बरं झालं असतं!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)