नल आणि नाल

महाभारताच्या वनपर्वात नलराजाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल ओळख लपवून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे नुसत्या दृष्टीने मोजून दाखवितो. नल त्याला अश्वविद्या देतो आणि मोबदल्यात त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म जाणण्याची विद्या, मिळवितो. त्या विद्येच्या बळावर तो पुढे पुष्कराला हरवून गेलेले राज्य परत घेतो. धर्मराजाला ही कथा सांगितली जाते ती धीर देण्यासाठी. परंतु तिच्यातून आणखी एक समजूत मनात उतरते : जुगार ही शिकण्याजोगी विद्या आहे आणि शिकलेला मनुष्य हरत नाही.

ही समजूत आजही जिवंत आहे, आणि बंगळूरसारख्या हिशेबी माणसांच्या शहरात ती विशेष बळकट आहे. ज्या नगरीत १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे जी संगणकाच्या व्यवसायाचे केंद्र बनली, तेथील तरुणाला पत्त्यांचा खेळ म्हणजे सोडविण्याचे एक गणित वाटावे, यात नवल नाही.

कौशल्य कोणते आणि दैव कोणते, हा वाद बंगळूरला नवा नाही. ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे साप्ताहिक बंगळूरला छापले जाई आणि त्यातील शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धेत मुंबई राज्यातील वाचकही पैसे भरून भाग घेत. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला आणि १९५२ साली तो परराज्यात छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही लागू केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ च्या निर्णयात न्यायालयाने ती स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरविली. कोड्याच्या दोन शक्य शब्दांपैकी आपला शब्द आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळणे, याला विद्वत्ता म्हणता येत नव्हते. जेथे यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते तो जुगार नव्हे, हे तत्त्वही त्याच दिवशी स्पष्ट झाले.

पुढचा इतिहास याच तत्त्वाभोवती फिरतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला जात असेल तर परवान्याची आवश्यकता नाही, असे म्हटले. २०२१ साली राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील संबंधित कलमे रद्द ठरविली. २०२५ साली संसदेने कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संमत केला.

या साऱ्या वादात एक प्रश्न मागे राहिला. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हे विचारले गेले. समोर कोण बसले आहे, हे क्वचित विचारले गेले. बंगळूरच्या एखाद्या क्लबात चार जण पोकर खेळतात, तेव्हा एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो. तेथे समोरच्याचा चेहरा वाचता येतो, हलक्या पानांवर मोठा डाव लावून त्याला भिवविता येते, त्याच्या चुकीचा लाभ घेता येतो. क्लब आपला हिस्सा घेतो एवढेच. आपल्याकडच्या जुगारअड्ड्यांवर मालकाच्या या हिश्शाला ‘नाल’ म्हणतात.

कॅसिनोची गोष्ट निराळी आहे. बंगळूरात कॅसिनो नाही. म्हणून हौशी मनुष्य गोव्याची वाट धरतो. तेथील १९७६ च्या कायद्यात १९९० नंतर दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि मग जहाजांवरील टेबलांच्या खेळांना मुभा मिळाली. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर रात्री दिवे लागतात ते त्यामुळे. कॅसिनोत पोकरचे असेही प्रकार असतात की ज्यांत खेळणाऱ्याचा सामना केवळ पत्ते वाटणाऱ्याशी, म्हणजे डीलरशी होतो. त्यांतला प्रसिद्ध प्रकार म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने रचलेला ‘थ्री कार्ड पोकर’.

दिवाळीत घरोघरी तीन पत्ती खेळलेल्या मराठी माणसाला हा खेळ ओळखीचा वाटतो. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत एकाच रंगाची ओळ ४८ वेळा, तीन सारखी पाने ५२ वेळा, साधी ओळ ७२० वेळा, नुसता एक रंग १,०९६ वेळा आणि जोडी ३,७४४ वेळा येते. उरलेले १६,४४० संच सुट्या पानांचे. आपल्या तीन पत्तीत तीन सारखी पाने सर्वश्रेष्ठ. येथे चार संचांनी अधिक दुर्मिळ असलेली एकरंगी ओळ त्यांच्यावर बसते. रिवाजाची जागा मोजणीने घेतली आहे.

खेळणारा प्रथम एक रक्कम लावतो आणि पाने पाहतो. मग एक तर ती रक्कम सोडून द्यावी, अथवा तेवढीच आणखी लावावी. डीलरजवळ निदान राणी नसेल, तर खेळणाऱ्याला पहिल्या रकमेइतके मिळते व दुसरी परत येते. असे सुमारे ३० टक्के वेळा घडते. राणी वा त्याहून वरचे काही असेल, तर पाने ताडून दोन्ही रकमांचा निकाल लागतो. ओळीला, तीन सारख्या पानांना व एकरंगी ओळीला वर थोडे बक्षीस असते.

आता यातील अक्षहृदय कोणते? ते एका वाक्यात मावते : राणी, छक्की, चौकी किंवा त्याहून वरचे हाती असेल तर खेळावे, नाही तर सोडावे. एवढेच. प्रत्येक डाव डोळे मिटून खेळणाऱ्याचा पहिल्या रकमेमागे सरासरी तोटा सुमारे ७.६५ टक्के होतो. नुसती राणी पाहून खेळणाऱ्याचा ३.४५ टक्के. आणि ही विद्या पूर्णपणे आत्मसात केलेल्याचा ३.३७ टक्के. याच्या पुढे पायरी नाही. डीलरला भिवविता येत नाही, कारण त्याला निर्णयच घ्यावयाचा नसतो. तो नियमाने बांधलेला आहे. त्याच्या मुद्रेवरून काही वाचता येत नाही, कारण तिचा डावाशी संबंध नाही. नाव पोकरचे राहिले, परंतु ज्यामुळे पोकर कौशल्याचा ठरला ते अंग गळून पडले.

पहिली रक्कम हजार रुपये आणि तासाला चाळीस डाव धरले, तर निर्दोष खेळणाऱ्याचीही तासामागे सरासरी साडेतेराशे रुपयांची नाल निघते. शेजारी जोडीवर वा त्याहून वरच्या पानांवर वेगळी रक्कम लावण्याची सोय असते. तेथे एकरंगी पानांना चौपट देणारे टेबल तिप्पट देऊ लागले, की मालकाचा हिस्सा २.३२ टक्क्यांवरून ७.२८ वर जातो. फलकावरचा एक आकडा बदलतो. खेळ तोच भासतो.

एखाद्या रात्री मात्र कोणीही जिंकून उठतो, आणि खरा धोका तोच आहे. हरलेल्या अडाण्याला आपले दैव फिरले असे वाटते; जिंकलेल्या सुशिक्षिताला आपली विद्या फळली असे वाटते. मग तो अधिक शिकतो, अधिक मोठ्या रकमेने खेळतो, आणि ज्या अभ्यासाने तोटा निम्म्यावर आणला त्याच अभ्यासाच्या भरवशावर चौपट रक्कम लावून पूर्वीपेक्षा दुप्पट गमावतो. पगार, बचत आणि घरच्यांचा विश्वास या वाटेने जातो तेव्हा हाती कागदावरचे बिनचूक गणित असते.

नलाला अक्षहृदय उपयोगी पडले, कारण समोर पुष्कर होता. तो हरू शकत होता. कॅसिनोच्या टेबलापलीकडे पुष्कर बसलेला नाही. तेथे दर डावामागे आपली नाल काढून घेणारा नियम बसलेला आहे. तो शिकण्यात गैर काही नाही. उलट तो शिकलेल्या माणसाला निदान त्या रात्रीच्या करमणुकीची किंमत आधी कळते. सिनेमाच्या तिकिटासारखी ती खिशातून काढून ठेवून जाणे ज्याला जमते, त्याची विद्या पुरी झाली. ऋतुपर्णाने झाडावरची पाने मोजली होती. येथे मोजावयाची ती टेबलावर बसण्याआधीची खिशातली रक्कम.